बिघडलेलं सॉर्बे

सॉर्बे बिघडवायचं असेल तर त्यातली साखर कमी करावी. हे आता मला पक्कं ठाऊक आहे, पण कित्येक उन्हाळे मी नेमकं तेच करत होते आणि त्याचा मला अभिमान होता. घरी आलेल्यांच्या हातात वाटी देताना मी आवर्जून सांगायचे, "यात साखर अगदी नावाला आहे हं, सगळी गोडी फळाचीच." वाटीतल्या गोळ्यात चमचा शिरत नसे. मग मी म्हणायचे, जरा थांबा, विरघळू दे. विरघळलं की वर फिकं पाणी आणि खाली रंग गेलेला बर्फाचा चुरा उरायचा. पाहुणे सभ्यपणे संपवायचे. दोष मी फ्रीजला द्यायचे, कधी कलिंगडाला, कधी विजेला.

फळाचा रस किंवा गर, साखर, पाणी आणि थोडं आंबट, एवढंच सॉर्बेत असतं. दूध नाही, साय नाही. आइस्क्रीमला सायीतली चरबी सांभाळून घेते, तिथे साखर थोडी चुकली तरी निभावतं. सॉर्बेला तो आधार नाही, म्हणून त्याचा मऊपणा जवळजवळ सगळा साखरेवर उभा असतो. मी साखरेकडे फक्त गोडी म्हणून पाहत होते, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच झाल्या.

साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात साखर विरघळलेली असेल तर त्याहून जास्त थंडी लागते. शिवाय गोठताना पाणी एकटंच बर्फ होतं, साखर मागे राहिलेल्या पाण्यात साठत जाते. ते पाणी दाट होत जातं आणि त्याला गोठायला आणखी थंडी लागते. म्हणून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही चांगल्या सॉर्बेतला थोडा पाक गोठत नाही, तो बर्फाच्या बारीक कणांमध्ये पसरून राहतो. चमचा आत जातो तो या पाकामुळे. मी साखर काढून घेत होते तेव्हा हा पाकच काढून घेत होते, आणि उरत होती ती बर्फाची लादी.

त्यात जिभेनेही मला फसवलं. मिश्रण चाखून बघायचे तेव्हा ते ओट्यावर, उन्हाळ्याच्या उष्म्यात असायचं आणि छान गोड लागायचं. पण थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. ओट्यावर जे नेमकं गोड वाटतं ते गोठल्यावर अळणी होतं. गोठवायच्या आधी मिश्रण जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे, इतकं की सरबत म्हणून कुणी प्यायला दिलं तर आपण त्यात पाणी घालू. ही गोष्ट पटायला मला फार वेळ लागला, कारण लहानपणापासूनचं वळणच होतं की पदार्थ चाखून बरोबर लागला म्हणजे झाला.

आता मी वजनकाटा घेऊन बसते. एकूण मिश्रणात साखर, म्हणजे फळातली अधिक आपण घातलेली, २५ ते ३० टक्क्यांच्या मध्ये यायला हवी. कलिंगडाच्या रसात स्वतःची साखर साधारण सात टक्के असते, बाकी जवळजवळ सगळं पाणी. एक किलो रसात मी पन्नास ग्रॅम साखर घालत होते, म्हणजे एकूण जेमतेम ११-१२ टक्के. २८ टक्क्यांवर न्यायचं तर त्याच रसाला २९० ग्रॅम साखर लागते. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला नाही, हिशेब पुन्हा मांडून पाहिला. हापूसचं गणित वेगळं. त्याच्या गरात मी १५ टक्के साखर धरते, फार पिकलेला असेल तर थोडी अधिक. अर्धा किलो गर, २०० ग्रॅम पाणी, १७० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घेतला की सॉर्बे चमच्याने वळतं. शिवाय आंब्याच्या गरात तंतू आणि पेक्टिन असतं, ते बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. कलिंगडात ते फारसं नाही. म्हणून नवशिक्याने कलिंगडापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी कलिंगडापासूनच केली होती, ते स्वस्त होतं म्हणून.

या सगळ्यात एक चूक अशी आहे की ती स्वयंपाकघरात राहिली नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, मधुमेह आहे. त्यांना आंबा प्राणापलीकडे प्रिय. डॉक्टरांनी आंबा बंद केला नव्हता, प्रमाण ठरवून दिलं होतं: जेवणासोबत नाही, एका वेळी थोड्या फोडी, आणि त्या दिवशी भात-पोळी तेवढी कमी. मी माहेरी गेले त्या मे महिन्यात घरच्या आंब्यांचं सॉर्बे केलं, वरून साखर अजिबात न घालता. अण्णांना सांगितलं, "अण्णा, यात साखर नाही. हवं तेवढं खा." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दुपारी एक वाटी, रात्री जेवणानंतर एक वाटी, दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांचा आनंद बघून मलाही आनंद होत होता. मग आईने नेहमीच्या सवयीने त्यांची साखर तपासली आणि यंत्रावरचा आकडा बघून ती घाबरली.

पिकलेल्या आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४-१५ ग्रॅम साखर असते. एका वाटीत दीड-दोनशे ग्रॅम गर सहज मावतो, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर. फोड चावून खाताना माणूस थांबतो. गर असा गिळायला मऊ करून दिला की थांबत नाही. साखर घातलेली नाही आणि साखर नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला, स्वयंपाकाचा इतका अभिमान बाळगणाऱ्या मुलीला, कळायला हवं होतं. अण्णा मला काही बोलले नाहीत. आईने मात्र सुनावलं, आणि तिचं बरोबर होतं. त्यांच्या औषधाची वेळ, पथ्य, चालणं हे सगळं ती वर्षभर सांभाळत होती आणि मी येऊन एका वाक्यात ते मोडलं होतं.

त्यानंतर मी गोळीच्या गोडीकडे वळले. स्टिव्हिया, सुक्रॅलोज, बाजारात मिळतं ते. इथे साखरेचं दुसरं काम मी पुन्हा विसरले. हे पदार्थ साखरेच्या शेकडो पट गोड असतात, म्हणून चिमूटभर पुरतात. पण पाण्याचा गोठणबिंदू खाली आणायला नुसती गोडी कामाची नाही, विरघळलेला पदार्थ पुरेसा असावा लागतो. चिमटीने ते होत नाही. सॉर्बे गोड झालं आणि दगडासारखं टणक झालं. ते तुकडे मिक्सरमध्ये टाकले तेव्हा भांड्याचं पातं वाकलं. आता अण्णांसाठी सॉर्बे मी करतच नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाच्या हापूसच्या फोडी कापून फ्रीजमध्ये गार करते. त्यांना त्या जास्त आवडतात, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

काटा घेण्याआधी मी अंड्याची रीत वापरत होते. साखर पुरेशी झाली का हे बघायला धुतलेलं कच्चं अंडं टरफलासकट मिश्रणात सोडायचं. साखर वाढली की मिश्रण जड होतं आणि अंडं तरंगतं. वर उघडा राहिलेला भाग रुपयाच्या नाण्याएवढा दिसला की प्रमाण बऱ्यापैकी जमलं समजायचं. ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. गराच्या दाट मिश्रणात ती फसते, गाळलेल्या रसात चालते. पण एकदा मी ती वापरली त्या दिवशी मावशी आमच्याकडे मुक्कामाला होती. मावशी शुद्ध शाकाहारी. अंडं शिजवलेल्या भांड्यातलं पाणीही पीत नाही. मी मिश्रणात अंडं सोडलं, काढलं, मिश्रण गोठवलं आणि तिला वाढलं. मनात म्हटलं, अंडं काही त्यात फुटलेलं नाही, टरफलच तेवढं लागलं. तिने चवीने खाल्लं, कृती विचारली, आणि मी कृती सांगताना ती पायरी गाळली.

गाळली तेव्हाच मला कळलं की मी चूक करते आहे. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. ती रागावली नाही, पण नंतर आमच्याकडे जेवताना प्रत्येक पदार्थाबद्दल विचारायला लागली. आधी कधीच विचारत नसे. कुणाच्या ताटात काय जातं हे ठरवायचा अधिकार वाढणाऱ्याला नसतो. शिवाय कच्च्या अंड्याच्या टरफलावर जंतू असू शकतात आणि सॉर्बे नंतर उकळलं जात नाही, हा विचारही मी केला नव्हता. चांगला काटा काही फार महाग नसतो. तो मी तेव्हाच घ्यायला हवा होता.

फळांनीही मला बरंच शिकवलं, नुकसान करून. पहिल्या काही वेळा मी आंब्याचा गर साखरेबरोबर गॅसवर शिजवला, साखर नीट विरघळावी म्हणून. साखर विरघळली आणि हापूसचा वास गेला. फळाचा सुगंध उडून जाणाऱ्या पदार्थांचा असतो, तापवलं की तो निघून जातो आणि मागे मुरांब्यासारखी शिजलेली चव राहते. मुरांबा मला आवडतो, पण ती वेगळी गोष्ट. आता पाणी आणि साखरेचा पाक वेगळा करते, तो फ्रीजमध्ये पूर्ण गार करते आणि मग कच्च्या गरात मिसळते. कोमट पाक तसाच मिसळून डबा फ्रीझरमध्ये ढकलण्याची घाईही मी केली आहे. त्याने मिश्रण सावकाश गोठलं, कण मोठे झाले, आणि शेजारी ठेवलेला मटारही ओला होऊन चिकटला. जांभळाच्या वेळी बिया काढायचा कंटाळा केला. मिक्सर हळू फिरवला तर बी फुटणार नाही असं वाटलं. फुटली. सगळं सॉर्बे कडू आणि तुरट झालं. जांभूळ मुळातच तुरट असतं, त्यात बीची भर नको. आता जांभळं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, धुऊन, हाताने चाळणीवर कुस्करते. हात दोन दिवस जांभळे राहतात.

कोकमाच्या बाबतीत मी दोन चुका एकदम केल्या. घरात आगळाची बाटली होती, तीच वापरली. आगळात मीठ असतं, सोलकढीला ते हवं असतं. सॉर्बेत ते खारट लागलं आणि मिठामुळे नीट गोठलंही नाही. पुढच्या वेळी रातांब्याची सालं साखरेत मुरवून उन्हात ठेवलेलं अमृत कोकम आणलं, हे बरोबर केलं. पण गोठवायला जुन्या फ्रीजमधला अॅल्युमिनियमचा ट्रे घेतला. धातूच्या पसरट भांड्यात मिश्रण लवकर गार होतं, म्हणून. कोकम फार आंबट. सकाळी त्याचा लालभडक रंग मातकट जांभळा झाला होता आणि जिभेवर धातूची चव येत होती. कोकमाचा रंग अँथोसायनिनचा असतो. तो आम्लात लाल राहतो, आणि अॅल्युमिनियमसारख्या धातूशी गाठ पडली की बदलतो. आजी कल्हई गेलेल्या पितळेत चिंचेचं सार ठेवू देत नसे, कळकेल म्हणायची. तिचं ते बोलणं मी हजारदा ऐकलं होतं आणि नेमक्या वेळी आठवलं नाही. स्टीलचं पसरट ताट घ्यावं, ते झाकता येत असेल तर उत्तम. झाकण महत्त्वाचं. माझं एक अख्खं स्ट्रॉबेरी सॉर्बे फ्रीझरमधल्या सुक्या बोंबलांच्या वासाने गेलं. पुडी बांधलेली होती, सॉर्बेवर मात्र काही नव्हतं.

मग पॉट. आमच्या गावच्या घरी जुना पॉट आहे: लाकडी बादली, आत पत्र्याचा उंच डबा, वर हँडल. अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली हाताने फिरवायच्या अशा यंत्राचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर त्याची घडण फारशी बदललेली नाही. बादलीत डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ, साधारण तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. मी समजत होते की मिठाने बर्फ टिकतो. उलट, मिठाने बर्फ वितळतो, आणि वितळताना तो आतल्या डब्यातली उष्णता ओढून घेतो. मिठाचं पाणी असं उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. हे माहीत नसल्यामुळे मी साठलेलं खारं पाणी सारखं ओतून टाकत होते. तेच पाणी डब्याला सगळीकडून भिडून थंडी पोचवत होतं. पोरं घामाघूम होऊन आळीपाळीने हँडल मारत होती आणि आत काही घट्ट होत नव्हतं.

नंतर पाणी ओतणं थांबवलं, तर ते डब्याच्या झाकणाखालून आत गेलं. सॉर्बे खारट झालं म्हणून टाकून दिलं. पण याचा विचार मी अजूनही करते: पाणी जरा कमी गेलं असतं, खारटपणा जाणवला नसता, तर ते मी पोरांना वाढलं असतं. आणि तो बर्फ बर्फाच्या कारखान्यातून मासळीसाठी येणाऱ्या लादीचा होता. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंगवून विकावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, तो याच कारणाने. खाण्याच्या आणि न खाण्याच्या बर्फाची सरमिसळ होऊ नये. आमची ही गोष्ट त्याआधीची, पण रंग नसला तरी बर्फ कुठून आला हे मला माहीत होतं. आता बादलीतलं पाणी झाकणाच्या बरंच खाली ठेवते, झाकणाच्या कडेला कापड घट्ट बांधते, आणि बर्फ बाहेरचा असला तरी पिण्याच्या पाण्याचाच आणते. त्याला पैसे जास्त पडतात, पडू देत.

पॉट नसेल तर फ्रीझर. दर अर्ध्या तासाने काट्याने ढवळत राहायचं ही कृती सगळे सांगतात, मीही सांगत असे. तिने होतो तो मोकळा, कणीदार बर्फ, सिसिलीत त्याला ग्रानिता म्हणतात, आणि तो छानच लागतो. पण ते सॉर्बे नव्हे. शिवाय दर वेळी दार उघडल्याने फ्रीझर गरम होतो, बारीक कण विरघळून मोठ्यांवर पुन्हा गोठतात. वीज जाऊन आली की हेच मोठ्या प्रमाणावर होतं. मला जमलेली रीत अशी: मिश्रण ट्रेमध्ये चौकोनी तुकड्यांत पूर्ण गोठवायचं, मग थोडेथोडे तुकडे मिक्सरमध्ये थांबूनथांबून फिरवायचे, लगेच गार केलेल्या स्टीलच्या डब्यात दाबून भरायचं, आणि दोन-तीन तास परत आत. साखर बरोबर असेल तर पातं वाकत नाही. साखरेतला पाचवा भाग काढून तेवढी ग्लुकोज पावडर घातली तर अजून मऊ होतं. ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड, पण वजनाला वजन घेतलं तर गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट खाली आणतं. ज्यांना सॉर्बे फार गोड नको त्यांच्यासाठी खरा उपाय हा आहे. मी इतकी वर्षं साखर कमी करून जे मिळवू पाहत होते, ते मला या साध्या डब्यातल्या पावडरीने दिलं. मधुमेह असलेल्यांना मात्र हेही नको, हे मी आता प्रत्येक वेळी स्पष्ट सांगते.

काजूच्या बोंडूचं सॉर्बे मला अजून जमलेलं नाही. वास अप्रतिम, आणि कोकणात बी काढून घेतल्यावर बोंडूंचे ढीग नुसते कुजतात. पण त्यातल्या टॅनिनमुळे घशात खवखव होते. मीठ लावून ठेवून पाहिलं, वाफवून पाहिलं. वाफवल्यावर खवखव कमी झाली आणि वासही गेला. साबुदाण्याची पेज रसात मिसळून ठेवली की टॅनिन तिला धरून खाली बसतं आणि वरचा रस निवळतो. पुढच्या मार्चमध्ये तसा रस काढणार आहे, गोठवायच्या आधी नुसता पिऊन बघणार आहे, आणि घसा धरला नाही तरच बाकीच्यांना वाढणार आहे.